विहिरीतला भोकाभोकांचा दगड: ज्वालामुखी माणसं मारतो तो कशानं?

यंदाच्या उन्हाळ्यात मोहोळजवळच्या आमच्या शेतातली जुनी विहीर आणखी खोल घेतली. काठावर दगडांचा ढीग पडला होता. त्यातला एक उचलून माझा भाचा पळत आला. "आत्या, ह्याला एवढी भोकं कुणी पाडली?" दगड काळा, जड, आणि अंगभर वाटाण्याएवढी भोकं. काही रिकामी, काहींत पांढरी चमकणारी खडी बसलेली.

मी सोलापुरात शाळेत भूगोल शिकवते. असला दगड वर्गात दरवर्षी हातोहात फिरवते. पण इथं तर समोर विहिरीची अख्खी भिंत उघडी होती. वर पुरुषभर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच तांबडा मातकट पट्टा आणि खाली पुन्हा पाषाण. पाषाणाचा एकेक थर म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोट. एक लोट थंड झाला, बरीच वर्षं उघडा राहिला, त्याचा वरचा भाग झिजून तांबडी माती झाली आणि तिच्यावर पुढचा लोट आला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून हा लाव्हा असा थरांवर थर वाहत राहिला. आज तो जवळजवळ 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी किलोमीटरच्याही वर जाते, आपल्याकडं पूर्वेला ती कमी होत जाते. किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं खोल छिद्र घेतलं, तेव्हा हा काळा दगड 338 मीटरवर संपला आणि त्याखालचा कितीतरी जुना खडक लागला. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या काळ्या रानात पिकते, ते रान म्हणजे याच दगडाचं पीठ.

आणि भोकं? ती वायूच्या बुडबुड्यांची. लाव्हा थंड होताना त्यातला वायू वर निघत होता. काही बुडबुडे तिथंच अडकले आणि दगडात त्यांची जागा राहिली. पुढं लाखो वर्षं पाणी झिरपून त्या जागांत खनिजं भरली. भाच्याच्या हातातली पांढरी खडी ती हीच.

ही भोकं समजली की ज्वालामुखीचा जवळपास सगळा धोका समजतो, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबते.

वर्गात ज्वालामुखीचं चित्र काढायला सांगितलं की सगळी मुलं एकच चित्र काढतात. शंकूसारखा डोंगर, त्यातून उतरणारी लाल नदी आणि पुढं पळणारी माणसं. चित्र चुकीचं नाही, पण त्यातली लाल नदी बहुतेक वेळा माणसाला गाठू शकत नाही. लाव्हा सहसा माणसाच्या चालीपेक्षा हळू सरकतो. घर, शेत, रस्ता, जे हलू शकत नाही ते सगळं तो गिळतो, माणसं मात्र बहुधा वाचतात. 2018 मध्ये हवाईतल्या किलाउएया ज्वालामुखीनं 700 हून जास्त घरं गाडली, पण लाव्ह्याखाली एकही माणूस गेला नाही. याला अपवाद आहे काँगोतल्या न्यिरागोंगोचा. त्याचा लाव्हा इतका पातळ की उतारावर धावत सुटतो. 2002 मध्ये तो गोमा शहराच्या मध्यातून गेला.

मग माणसं मरतात ती कशानं? वायूनं आणि वायूनं जे घडवलं त्यानं.

स्वयंपाकघरात चला. शेंगांची पातळ आमटी उकळताना बुडबुडे येतात, फुटतात, वाफ निघून जाते. घट्ट पिठलं रटरटायला लागलं की मात्र हात लांब ठेवावा लागतो. वाफेला वाट मिळत नाही, ती खाली कोंडते आणि फदकन उसळून चटका देते. जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाचंही असंच आहे. त्यात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड हे वायू दाबाखाली विरघळलेले असतात. खडकात सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो घटक, कमी असेल तर तो पातळ राहतो, वायू सुटत जातो आणि लाव्हा शांतपणे वाहतो. आपल्या पायाखालचा दगड बहुतांशी असा आमटीसारखा वाहिलेला. सिलिका जास्त असेल तर तो घट्ट होतो, वायू कोंडतो आणि वर येताना दाब उतरला की सगळा एकदम फुगतो. तेव्हा खडक वाहत नाही, त्याच्या चिंधड्या होतात. त्या चिंधड्यांनाच आपण राख म्हणतो.

राख हा शब्द इथं फसवतो. चुलीतली राख म्हणजे जळून उरलेलं मऊ काहीतरी. ही राख म्हणजे दगडाची आणि काचेची भुकटी, कडा धारदार, पाण्यात न विरघळणारी. ती कुठं आणि कशी जाते यावर ती किती मारणार ते ठरतं.

सगळ्यात वाईट रूप ते, जेव्हा राख आणि वायू यांचा तापलेला लोट वर न जाता डोंगराच्या अंगावरून खाली येतो. शास्त्रज्ञ त्याला पायरोक्लास्टिक फ्लो म्हणतात. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढं वेग आणि काहीशे अंश तापमान. पळून काही उपयोग नाही, गाडीही पुरत नाही. 8 मे 1902 रोजी सकाळी आठच्या सुमारास कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरच्या पेले डोंगरातून असा लोट सेंट पिएर शहरावर उतरला. काही मिनिटांत सुमारे 28,000 माणसं संपली. शहरात वाचलेले हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. त्यातला एक जण जाड भिंतीच्या कोठडीतला कैदी होता. त्याआधी कित्येक दिवस डोंगर धुमसत होता, रस्त्यांवर राख पडत होती, गंधकाचा वास येत होता. शहर तरी हललं नाही. मला या गोष्टीत ज्वालामुखीपेक्षा ते आधीचे दिवस जास्त छळतात.

हीच राख आकाशात गेली की निरुपद्रवी वाटते, पण ती पडते ना! तिचं वजन आपल्या भाषेत सांगते. छपरावर 10 सेंटीमीटर, म्हणजे साधारण चार बोटांपेक्षा थोडा जाड थर बसला, तर कोरडी असताना चौरस मीटरला 50 ते 130 किलो भार येतो. पाऊस पडून भिजली तर 100 ते 200 किलो. म्हणजे दर चौरस मीटरवर ज्वारीचं एक किंवा दोन भरलेलं पोतं. दहा बाय दहाच्या खोलीवर अशी नऊ ते अठरा पोती रचून बघा.

आपल्या भागातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, आदल्याच दिवशी गणपती बुडवलेले. सोलापुरात आम्ही घाबरून रस्त्यावर आलो आणि पुढचे कित्येक दिवस घरात झोपलो नाही. लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली, ती जास्त करून दगडमातीच्या भिंती आणि वरच्या मातीच्या जड माळवदाखाली. डोक्यावरचं वजन काय करतं ते आपण पाहिलंय. तेव्हा आमच्या गल्लीत "खालून ज्वालामुखी यायला लागलाय" अशीही आवई उठली होती. ती खरी नव्हती. किल्लारी हा भूकंप होता, त्याचा लाव्ह्याशी संबंध नव्हता.

फिलिपाइन्समध्ये मात्र 15 जून 1991 ला पिनाटुबो फुटला आणि नेमकं त्याच दिवशी वादळ येऊन धडकलं. राखेत पाऊस मिसळला, ओली राख छपरांवर बसली आणि घरं बसली. त्या उद्रेकातल्या मृत्यूंत मोठा वाटा कोसळलेल्या छपरांचा होता. लाव्हा त्यात कुठंच नव्हता.

राखेचा आणखी एक कारनामा आता आपल्या डोक्यावरून जाऊन आलाय. नोव्हेंबर 2025 मध्ये इथिओपियातला हायली गुब्बी फुटला. त्याच्या आधीच्या उद्रेकाची कुठं नोंदच नव्हती. त्याची राख तांबडा समुद्र ओलांडून गुजरात, राजस्थानवरून दिल्लीकडं सरकली आणि आपल्याकडची काही विमानं रद्द झाली. भाच्याला ती बातमी आठवत होती. "राख एवढी वर होती, मग विमानाला काय झालं?" वरच होती म्हणूनच झालं. विमानाच्या इंजिनाच्या पोटात एवढी उष्णता असते की ही काचेरी भुकटी वितळते आणि आतल्या पात्यांवर जाऊन पुन्हा घट्ट होते. इंजिनाचा श्वास कोंडतो. 24 जून 1982 ला ब्रिटिश एअरवेजचं जंबो विमान जावाजवळ गालुंगुंगच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. अडीचशेहून जास्त माणसं घेऊन ते तरंगत खाली आलं. राखेच्या बाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली म्हणून जकार्ताला उतरलं. रात्री हे राखेचे ढग वैमानिकाला दिसत नाहीत, विमानाच्या हवामान रडारवरही धड दिसत नाहीत. म्हणूनच 2010 मध्ये आइसलँडच्या एका ज्वालामुखीनं युरोपातली जवळजवळ एक लाख उड्डाणं रद्द करायला लावली.

उद्या खरंच कुठं राख पडताना सापडलात तर नाकातोंडावर मास्क किंवा ओला रुमाल, पाण्याच्या टाक्या आणि आड झाकलेले, जनावरं आत आणि गाडी बंद. ओली राख वीजही वाहते, त्यामुळं खांबांवर ठिणग्या उडतात.

आता चिखल. माझ्या मते सगळ्यात दगाबाज धोका हाच, कारण तो डोंगराजवळ नसलेल्या माणसाला गाठतो. आपल्याकडं पंढरपुरात आभाळ निरभ्र असतानाही भीमेला पूर येतो, पाऊस वर पुणे जिल्ह्यातल्या घाटात पडलेला असतो. 2025 च्या सप्टेंबरात सीनेकाठच्या गावांनीही पाणी अंगणात शिरताना पाहिलं. आता त्या पाण्याच्या जागी ओलं काँक्रीट समजा, त्यात घराएवढे दगड आणि झाडं. इंडोनेशियात याला लाहार म्हणतात आणि जगानं तोच शब्द घेतलाय.

कोलंबियातला नेवाडो डेल रुईझ हा माथ्यावर बर्फ असलेला ज्वालामुखी. 13 नोव्हेंबर 1985 च्या रात्री त्याचा उद्रेक झाला. तसा तो फार मोठा नव्हता, पण तापलेल्या राखेनं माथ्यावरचं थोडं बर्फ वितळलं. ते पाणी नद्यांच्या खोऱ्यांत उतरताना वाटेतली माती, राख, दगड ओढत गेलं आणि फुगत गेलं. डोंगरापासून 70 किलोमीटरच्या पुढं आर्मेरो नावाचं गाव होतं, नदीच्या तोंडाशी, सपाट आणि सुपीक जमिनीवर. साधारण अडीच तासांनी लाहार तिथं पोचला. एकूण सुमारे 23,000 माणसं गेली, त्यातली बहुतेक आर्मेरोची.

अडीच तास! जवळच्या टेकाडावर चढायला अर्धा तास पुरला असता. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता आणि आर्मेरो त्या नकाशात धोक्याच्या पट्ट्यातच होतं. त्या दिवशी दुपारी गावावर राख पडली, तेव्हा लोकांना घरातच थांबायला सांगण्यात आलं. रात्री वादळानं वीज गेली. मी हे शिकवताना दरवेळी इथं अडखळते.

वायू मात्र नुसताही मारतो, राख नाही, चिखल नाही. हे समजायला सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना पुस्तक लागत नाही, कारण त्यांनी पेव पाहिलेलं असतं. जमिनीत खणलेल्या पेवात ज्वारी साठवायची. उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. दाण्यांच्या श्वासातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. दिसत नाही, वास येत नाही. घाईनं उतरलेला माणूस वर येत नाही आणि त्याला काढायला उतरलेलाही येत नाही.

आफ्रिकेत कॅमेरूनमधलं न्योस तळं ज्वालामुखीच्या विवरातलं आहे. खालच्या वितळलेल्या खडकातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड तळ्याच्या तळाच्या पाण्यात विरघळून साचत राहिला. 21 ऑगस्ट 1986 च्या रात्री ते पाणी ढवळलं गेलं आणि सगळा वायू उफाळून बाहेर आला. जड असल्यानं तो पाण्यासारखा उतारानं दऱ्यांत उतरला आणि 25 किलोमीटरपर्यंत पसरला. 1,700 हून जास्त माणसं आणि सुमारे 3,500 जनावरं झोपेतून उठलीच नाहीत. घरं जशीच्या तशी उभी होती. आता त्या तळ्यात पाइप सोडलेत. तळाचं पाणी 2001 पासून कारंज्यासारखं वर येतं आणि वायू थोडा थोडा सुटत राहतो. जगातलं सगळ्यात मोठं पेव उघडं ठेवलंय, असं मी मुलांना सांगते.

सल्फरची गोष्ट लांबची आणि संथ आहे, पण आपल्याला ती सगळ्यात जवळची. 1783 च्या जूनमध्ये आइसलँडमध्ये लाकी इथं जमीन लांब भेगेनं फाटली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. उद्रेक आपल्या दख्खनसारखाच, आमटीसारखा वाहणारा, तरीही त्यातून सुमारे 12 कोटी टन सल्फर डायऑक्साइड निघाला. गवतावर फ्लोरिन बसलं, ते गवत खाऊन जनावरांची हाडं आणि दात बिघडले. देशातली निम्म्याहून जास्त जनावरं मेली, मग दुष्काळ पडला आणि पाचातलं एक माणूस गेलं. गंधकाचं धुकं युरोपभर पसरलं.

हा वायू फार उंच गेला की तिथं आम्लाचे बारीक थेंब होतात आणि ते सूर्याचं ऊन परतवून लावतात. पिनाटुबोनं दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि पुढच्या वर्षभरात जगाचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशानं उतरलं. त्याहून कितीतरी मोठा उद्रेक इंडोनेशियातल्या तांबोराचा, एप्रिल 1815 मधला. पुढच्या वर्षी युरोप आणि उत्तर अमेरिकेत उन्हाळा पडलाच नाही, पिकं गारठून गेली. हिंदुस्थानातला 1816 चा पाऊसही विस्कटला. ऊन कमी झालं तर सोलापूरकर खूश होतील, असं एका मुलानं वर्गात म्हटलं होतं. पण जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावरच मान्सून खेचला जातो. तो फरक कमी झाला की पाऊस रुसतो. ज्या जिल्ह्यात एक परतीचा पाऊस चुकला तर रब्बी जाते, तिथं हजारो मैलांवरचा डोंगर परका राहत नाही.

समुद्राचं थोडक्यात सांगते. 27 ऑगस्ट 1883 ला क्राकाटोआ फुटला, तेव्हा मेलेल्या 36,000 हून जास्त लोकांतले बहुतेक त्सुनामीच्या लाटांनी गेले. त्याच जागी उगवलेल्या नव्या ज्वालामुखीचा एक भाग 22 डिसेंबर 2018 च्या रात्री समुद्रात घसरला. मोठा भूकंप झालाच नाही, त्यामुळं लाटेचा इशारा वाजलाच नाही आणि 400 हून जास्त माणसं गेली. भारताचा एकमेव जागता ज्वालामुखी, अंदमानातलं बॅरन बेट, समुद्रातच आहे. दीर्घ झोपेनंतर तो 1991 पासून पुन्हा अधूनमधून धुमसतोय. तिथं वस्ती नाही.

एवढं असूनही जगात सुमारे 80 कोटी माणसं जागत्या ज्वालामुखींपासून 100 किलोमीटरच्या आत राहतात. त्यांना वेडं म्हणणारे आपण कोण? आपणही काळ्या रानासाठीच इथं आहोत. राखेची जमीन सुपीक, पाणी धरणारी, आणि उद्रेक आज्यापणज्याच्याही आठवणीत नसतो.

आणि वाचवता येतं, हे मला पिनाटुबोमुळं ठामपणे सांगता येतं. शे-दोनशे नव्हे, काही शतकं तो डोंगर गप्प होता. 1991 च्या वसंतात तो हलायला लागला, तेव्हा फिलिपिनो आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी भूकंपमापकं बसवली, वायू मोजला, धोक्याचे क्रमांक ठरवले. अडचण एकच होती. ज्यांनी कधी उद्रेक पाहिला नाही त्यांना घर सोडायला कसं पटवायचं? तेव्हा कामी आलं फ्रान्सच्या मोरीस आणि कातिया क्राफ्ट या जोडप्याचं चित्रीकरण. आयुष्यभर ज्वालामुखींच्या काठावर उभं राहून त्यांनी तापलेले लोट आणि लाहार चित्रित केले होते आणि आर्मेरोनंतर खास लोकांना दाखवण्यासाठी त्यांची चित्रफीत केली होती. ती अधिकाऱ्यांना दाखवली, गावकऱ्यांना दाखवली. लोक निघाले. निदान 5,000 जीव वाचले असा अंदाज आहे. ते पाहायला क्राफ्ट दांपत्य राहिलं नाही. बारा दिवस आधी, 3 जूनला, जपानमध्ये उन्झेनच्या तशाच लोटात ते आणखी 41 जणांबरोबर गेले.

भाचा एवढा वेळ दगड फिरवत होता. मग त्यानं मूळ प्रश्न काढला. "आपल्या खालचा परत फुटंल का?"

नाही. ज्या खोल उष्णतेनं दख्खनचा लाव्हा बाहेर काढला ती चूल जागेवरच राहिली, जमीन मात्र तिच्यावरून उत्तरेकडं सरकत गेली. ती चूल आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाच्या खाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेज अजूनही वरचेवर वाहतो, पातळ, काळा दगड घडवत.

"आन् ह्या भोकातला गॅस? तो कुठं गेला?"

वर गेला, म्हटलं. इथून वर. त्याच काळात मेक्सिकोत मोठी उल्का आदळली आणि डायनासोर संपले. उल्केचा वाटा किती आणि तू हातात धरलेल्या दगडातून सुटलेल्या वायूचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत.

तो भोकाला डोळा लावून बघत होता, तेवढ्यात खालून मुकादमानं हाळी दिली. "बार हाय! लांब व्हा!" सुरुंग भरून झाले होते. माणसं शिडीवरून भराभरा वर आली आणि सगळे ट्रॅक्टरच्या पलीकडं गेलो. दगड पोटाशी धरून भाचा आमच्या सगळ्यांच्या आधी तिथं पोचला होता.